पाठ आत, तोंड बाहेर

घर भाड्याने देताना मालक काय काय विचारतात, हे तोवर मला पाठ झालं होतं. नॉनव्हेज खाता का, पाहुणे फार येतात का, नोकरी सरकारी की प्रायव्हेट. करोलबागेत गच्चीवरच्या एका खोलीत तीन वर्षं काढून आम्ही नोएडात घर बघायला आलो, तेव्हा मी उत्तरांची तयारी करूनच आले होते. नवरा नोएडातच, एका नव्या परदेशी कंपनीच्या टीव्हीच्या कारखान्यात. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात अनुवादक. पाहुणे वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यात. मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. चहा समोर ठेवला, शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून बघितला, परत ठेवला आणि म्हणाले, "हिवाळ्यात काय जाळता?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्वभावाने सरळ, विचारलं की सांगून मोकळा होतो.

"गॅसचा हीटर आहे. सिलेंडरवरचा."

"तो माझ्याकडे जमा करायचा. घर सोडाल तेव्हा परत मिळेल. बाकी मांसमच्छी खा, गाणी लावा, माझं काही म्हणणं नाही. बंद खोलीत काही जाळायचं नाही, बस."

त्या वर्षांत गॅस नुकताच सहज मिळू लागला होता. आधी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आमच्या हीटरच्या दोन जाळ्या लालबुंद झाल्या की दिल्लीच्या थंडीला आपण चांगलंच खिंडीत गाठलं असं वाटायचं. तो हीटर मालकांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला, वर नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि माळ्यावर टाकला. सामान उतरवून चोवीस तास झाले नव्हते आणि आमची ऊब जप्त झाली होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं वरच्या मजल्याचं घर गॅलरीसकट मिळालं होतं म्हणून मी गप्प बसले, एवढंच.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. गल्ली त्यांना इंजिनियर साब म्हणे. मूळचे ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, त्यामुळे मराठी स्वच्छ, पण मध्येच 'बिल्कुल' आणि 'अच्छा' यायचं. तीस वर्षं त्यांनी दिल्लीच्या आसपास बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढली होती. उत्तर प्रदेशातल्या अर्ध्या भाजीवाल्यांचे बटाटे मी थंड ठेवलेत, असं ते सांगत. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं मी एकदा आगाऊपणे विचारलं, तर म्हणाले, "बटाट्यांनी वेळच दिला नाही." अंगात बारा महिने तोच तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. उन्हाळ्यात तो खुर्चीच्या पाठीवर असे, पण असे. लोकांच्या खिशाला पेन असतं तिथे यांचा थर्मामीटर. कुणाच्या घरी गेले की "कसे आहात" म्हणायच्या आधी तो काढून बघायचे.

त्यांचं एक वाक्य होतं. ते मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "ऊब तयार करायची नसते, बेटा. ती असतेच. फक्त उचलून आणायची असते."

"बाहेर सहा डिग्री आहे, काका," मी म्हणायची. "तिथे कुठली आलीय ऊब?"

"सहा म्हणजे काही नाही असं कोण म्हणालं? तुझ्या फ्रिजच्या पाठीला हात लावून बघ. आत बर्फ, मागे गरम. ती गरमी आली कुठून? दुधातून काढली, भाजीतून काढली, मागे फेकली. एसीसुद्धा तेच करतो. खोलीतली गरमी उचलतो आणि रस्त्यावर टाकतो. मग हिवाळ्यात त्याला उलटा फिरवला, तर रस्त्यावरची गरमी उचलून खोलीत टाकणार नाही का?"

हे नुसतं बोलणं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण काका तसं करत. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या कंपनीतले दोन मेकॅनिक यायचे, काकांच्या खोलीच्या मागच्या भिंतीतून खिडकीचा एसी उपसून काढायचे आणि फिरवून परत बसवायचे. पाठ आत, तोंड बाहेर. मग सगळ्यांना चहा आणि गूळ-शेंगदाणे. होळीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट्या दिशेने. काका याला पाठवणी म्हणत. एसीची ती काळी, जाळीदार पाठ चार महिने खोलीत उघडी पडलेली असे, पण तिच्यातून जी हवा यायची ती खरोखर गरम असायची, हे मी स्वतः हात धरून बघितलंय. अडचण एकच. बटणं तोंडाच्या बाजूला, आणि तोंड मागच्या गल्लीत. स्वतःच्या खोलीतला एसी चालू करायला मफलर गुंडाळून धुक्यात जाणारा माणूस सगळ्या नोएडात एकच असणार.

मागच्या घरातल्या पंजाबी आंटी दर वर्षी न चुकता कळवळून सांगायच्या, "अंकलजी, मिस्त्री ने आपको बेवकूफ़ बनाया है. एसी उल्टा लगा गया." काका दर वर्षी त्यांना फ्रिजपासून सगळं समजावायचे. आंटी सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "कोई बात नहीं, होली पे सीधा करवा लेना."

मीही हसायची, खोटं कशाला सांगू? उंटावरचा शहाणा म्हणतात तो आपल्याला घरमालक म्हणून मिळाला, असं मी आईला पत्रात लिहिलंही होतं. आता भाचा जर्मनीहून सांगतो की त्याच्या इमारतीतली गॅसची यंत्रं काढून हीच उलट्या एसीची जातकुळी बसवतायत आणि सरकार त्यासाठी लोकांच्या मागे लागलंय. गेल्या वर्षी आम्हीही 'हॉट अँड कोल्ड' एसी घेतला. दुकानातला सेल्समन रिमोटचं एक बटण दाबून म्हणाला, "मॅडम, लेटेस्ट है." मला एकदम हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. नवऱ्याने सेल्समनला सांगितलं की यांना सर्दी झालीय.

पहिल्या हिवाळ्यात मी काकांशी भांडले होते. चांगली कडाडून भांडले. त्यांनी आम्हाला हीटरच्या बदल्यात एक विजेचा रॉडवाला हीटर दिला होता, "बिनडोक यंत्र आहे, पण जीव घेत नाही" असं म्हणून. तो एका पायाला ऊब द्यायचा, दुसऱ्याने वाट बघायची. शेवटी मी ऑफिसातल्या मैत्रिणीकडून तिचा जादा गॅसचा हीटर आणला, रविवारी सकाळी दारंखिडक्या घट्ट लावून पेटवला आणि इतक्या दिवसांनी सुखाने वर्तमानपत्र उघडलं. अर्धा तास झाला नसेल, दारावर थाप. काका. ते सरळ आत आले, खिडक्या सताड उघडल्या, सिलेंडर बंद केला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रस्त्यावरून येत होतो. तुझ्या खिडकीच्या काचेवरून पाणी गळतंय. आत गॅस जळला की हवा ओली होते, काच रडायला लागते."

माझा पारा चढला. भाडं वेळेवर देतो, घर नीट ठेवतो, स्वतःच्या घरात ऊब घ्यायची चोरी आहे का, असं बरंच काही मी बोलले. नवरा मध्ये पडायला बघत होता, त्यालाही मी गप्प केलं. काका ऐकून घेत होते. मी दमले तेव्हा ते खुर्चीवर बसले.

"कोल्ड स्टोरेजच्या गेटजवळ एक खोली होती," ते म्हणाले. "लोडिंगची दोन माणसं तिथे झोपायची. थंडी फार होती म्हणून मी त्यांना कोळशाची शेगडी दिली. मीच. दयेपोटी. त्यांनी दार घट्ट लावून घेतलं, तुझ्यासारखं. सकाळी उठलीच नाहीत दोघं. खोलीत धूरसुद्धा नव्हता, बेटा. जो दिसतो तो धूर बरा. न दिसणारा वाईट."

ते उठले, दारात थांबून म्हणाले, "दया करावी, पण पूर्ण माहिती घेऊन करावी," आणि खाली गेले. मैत्रिणीचा हीटर मी दुसऱ्या दिवशी बसमधून परत नेला. हा विषय मग आमच्यात कधी निघाला नाही. मी कानाला खडा लावला.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी मुलगी झाली. व्हायची होती जानेवारीच्या शेवटी, झाली डिसेंबरच्या सुरुवातीला. वजन पावणेदोन किलो. दहा दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून तिच्या पेटीवरच्या दिव्याकडे बघत राहायची. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दूध पी रही है, अच्छी बात है. बस ठंड से बचाइए. ये बच्चे ठंड नहीं झेल पाते. कमरा दिन-रात गरम चाहिए, सत्ताईस-अट्ठाईस, बिल्कुल एक-सा." मी मान हलवली आणि रिक्षात बसल्यावर रडायला लागले. डिसेंबरात आमची खोली बारावर जायची. रॉडच्या हीटरने काय होणार होतं? पोर माझ्या हातात होती आणि तिला घेऊन कुठल्या घरात जायचं ते मला कळत नव्हतं.

घरी आलो तर खोली गरम. दार उघडलं तशी हवाच अंगावर आली. गॅलरीच्या भिंतीला चौकोनी भोक पाडून त्यात एसी बसवला होता, पाठ आत, तोंड गॅलरीत. खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून बुजवल्या होत्या. फक्त वरचं एक झरोक्याचं तावदान बोटभर उघडं ठेवलं होतं, श्वासाला. आम्ही दवाखान्यात होतो त्या दहा दिवसांत काकांनी हे सगळं करून घेतलं होतं. नवरा म्हणाला, "काका, हे यंत्र कुठून आणलंत?" ते म्हणाले, "होतं एक." त्यांच्या जुन्या कंपनीतलं काही तरी जुनंपुराणं असेल असं आम्ही धरून चाललो. पोर गरम राहणार आहे, यापलीकडे त्या दिवशी डोक्यात काही शिरत नव्हतं.

आई साताऱ्याहून आली ती डिंक, अळीव, बाळंतशोपा, ओवा आणि गोणपाटात बांधलेली लोखंडी शेगडी घेऊन. बाज दिल्लीत मिळेल का, ही तिला वाटेत काळजी लागली होती. मिळाली, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे होतीच. एसीकडे बघून तिने नाक मुरडलं.

"हे काय पाठ फिरवून बसलंय, रुसलेल्या जावयासारखं?"

मी समजावलं.

"आणि चालूबंद कोण करणार? मालक? परका पुरुष येणार बाळंतिणीच्या खोलीत?"

"बटणं बाहेर आहेत, आई. गॅलरीला बाहेरून जिना आहे. त्यांना आत यावंच लागत नाही."

आईने दार उघडून गॅलरीत डोकावून खात्री केली आणि पहिल्यांदा त्या यंत्राकडे जरा आदराने बघितलं. सोवळ्याओवळ्यातलं यंत्र आहे म्हणाली. काकांचं वेड मी दोन वर्षं चेष्टेवारी नेलं होतं. त्यातली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट, बटणं बाहेर असणं, आईच्या दृष्टीने सगळ्यात शहाणपणाची निघाली.

पण तिसऱ्या दिवशी तिने व्हायचं तेच केलं. दुपारी मी अंघोळीला गेले असताना तिने शेगडी पेटवली आणि बाजेखाली सरकवली. धुरीशिवाय बाळंतपण ही कल्पनाच तिला पटत नव्हती. आमच्या सगळ्यांची बाळंतपणं अशीच झाली, तूही धुरीवरच वाढलीस, हे तिचं म्हणणं. मी बाहेर येते तर गॅलरीच्या कठड्यावर टकटक, टकटक. काका दाराबाहेर उभे होते. आत आले नाहीत. दार लोटलेलंच राहू देऊन म्हणाले, "ताई, ओव्याचा वास येतोय. शेगडी बाहेर घ्या. आधी पोरीला उचला."

आवाज इतका शांत होता की आई घाबरली. मी मुलीला उचललं, आईने शेगडी चिमट्याने धरून गॅलरीत ठेवली. काकांनी ती जिन्यावरून खाली नेली आणि अंगणात पाणी ओतून विझवली. मग परत वर येऊन, दाराबाहेरूनच, त्यांनी आईला ती दोन माणसं सांगितली. मला सांगितली होती तशीच, एकही शब्द जास्त नाही.

मग आईने ओवा आणि बाळंतशोपा तव्यावर भाजला, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून. जुन्या धोतराच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि एसीच्या त्या काळ्या जाळीला सुतळीने टांगली. गरम हवा पुरचुंडीतून यायला लागली आणि पाच मिनिटांत खोलीभर बाळंतघराचा वास पसरला. धूर नाही, शेगडी नाही.

काकांनी गॅलरीतून वास घेतला. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या कंपनीत असायला हव्या होतात."

"किती बटाटे होते तुमच्याकडे?" आईने आतून विचारलं.

तिथून त्यांचं जमलं. यंत्राच्या बाहेरच्या तोंडावर थंडीत दव गोठून बर्फ धरायचा. तो धरला की ऊब कमी होई, म्हणून दर दीड तासाने यंत्र थांबवायचं, नुसता पंखा चालू ठेवून बर्फ वितळू द्यायचा आणि परत चालू करायचं. काका त्यासाठी गॅलरीत एक स्टूल टाकून बसत. लाइट जायच्या वेळा त्यांनी कागदावर लिहून ठेवल्या होत्या. टाकी भरून ठेवतात तशी त्याआधी खोली भरून ठेवत. आले की कठड्यावर तीन टकटका, म्हणजे आतल्या बायकांना कळावं. मग दाराच्या फटीतून एकच शब्द: "किती?"

आईला थर्मामीटर वाचता येत नव्हता. पहिल्या आठवड्यात मी वाचून सांगायची. मग एका सकाळी तिने स्वतः भिंतीपाशी जाऊन, मान वाकडी करून बघितलं आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "सत्तावीस."

"ठीक."

महिनाभर त्या दोघांचं एवढंच बोलणं. तिने त्यांना 'मालक' म्हणायचं, त्यांनी तिला 'ताई', आणि मध्ये आकडा. मी बाजेवर पडून ते ऐकायची. आजही मला कुणी विचारलं की माणसाला सुरक्षित वाटणं म्हणजे काय, तर मला ती टकटक आणि तो "किती?" आठवतो. काकांना आभार मानलेले चालत नसत. "बटाट्यांनी कधी मानले नाहीत," म्हणायचे. म्हणून इथे लिहितेय. आता ते रागावू शकत नाहीत.

संक्रांतीला मुलीला सव्वा महिना झाला. वजन अडीच किलो. दुपारी ऊन पडलं होतं. आई म्हणाली, आज खाली जाऊ, मालकांना तिळगूळ देऊ, पोर दाखवू. इतके दिवस त्यांनी तिला बघितलंच नव्हतं, गॅलरीतून नुसता तिचा आवाज ऐकला होता. आईने मुलीला तीन दुपट्यांत गुंडाळलं, एसीवरची गरम पुरचुंडी सोडवून वरच्या दुपट्यात खोचली आणि आम्ही जिना उतरलो.

काकांची खोली मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बघत होते. दार उघडलं आणि वरच्या जिन्यापेक्षा खोलीत जास्त थंडी लागली. काका तपकिरी स्वेटरवर ओव्हरकोट घालून, कानटोपी ओढून टेबलाशी बसले होते. मागच्या भिंतीत, जिथे त्यांचा एसी असायचा, तिथे चौकोनी भोक होतं. त्यात बटाट्याची रिकामी पोती कोंबून वर पुठ्ठा ठोकला होता. पुठ्ठ्यावर नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती. आमच्या हीटरचं खोकं फाडून त्यांनी ते वापरलं होतं. हीटर शेजारी उघडा पडला होता, थंडगार. सिलेंडर स्वयंपाकघरात होता, पण त्यांनी तो जोडला नव्हता.

"काका, तुमचा एसी?"

"वर आहे की."

"पण मग तुम्ही..."

"तीस वर्षं बटाटे दोन-चार डिग्रीत ठेवले, बेटा. एकदा त्यांच्या बाजूने बघायला हवं होतं," ते म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही. मी मुलीला पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात उचलले, अर्ध्यावर थांबले आणि परत कोटाच्या खिशात घातले.

"नको. हात गार आहेत माझे."

आई भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी गेली होती. मान वाकडी करून तिने बघितलं.

"नऊ," ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

ती वळली, मुलीच्या दुपट्यातून ओव्याची पुरचुंडी काढली आणि काकांपुढे धरली. "धरा, भाऊ. दोन मिनिटं. मग घ्या तिला."

काकांनी पुरचुंडी दोन्ही मुठींत धरली. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि दोन मिनिटं पूर्ण होईपर्यंत ती सोडली नाही. मग त्यांनी तळवे आपल्याच गालांना लावून बघितले, आणि हात पुढे केले.